सोळावे लागले आणि सोळा पूर्ण झाली

मराठीत 'मुलाला सोळावे लागले' आणि 'मुलाला सोळा पूर्ण झाली' या दोन वाक्यांत एका वर्षाचे अंतर आहे, हे आपल्या घरातील कोणत्याही आजीला ठाऊक असते. पहिल्या वाक्यात चालू वर्ष मोजले आहे, दुसऱ्यात सरलेली वर्षे. घरात या फरकाने काही अडत नाही. परंतु हेच वय जेव्हा सरकारी अर्जातील एका रकान्यात जाऊन बसते, तेव्हा त्याच्यामागचे वाक्य गळून पडते आणि नुसता आकडा उरतो. १८६९ साली लंडनमध्ये अशाच एका आकड्यामुळे दोन भारतीय विद्यार्थ्यांची नावे इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या यशस्वी उमेदवारांच्या यादीतून वगळली गेली. त्यांपैकी एक कलकत्त्याचे सुरेंद्रनाथ बॅनर्जी, आणि दुसरे मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकुर. सुरेंद्रनाथांचे नाव इतिहासाच्या पुस्तकात आहे; ठाकुरांचे नाव मराठी वाचकांनाही सहसा आठवत नाही.

प्रशासनाचा अभ्यास करणाऱ्याने ही हकीकत जाणून घ्यावी असे मला वाटते. परदेशी शिकायला गेलेल्या आपल्या पहिल्या विद्यार्थ्यांचे रोजचे जीवन कसे होते हे तिच्यात दिसते, आणि नोंद व सत्य यांच्यात अंतर पडले की सामान्य माणसाचे काय होते, हेही दिसते.

परीक्षा सर्वांना खुली, पण लंडनमध्ये

१८५३ च्या सनदी कायद्याने कंपनीच्या संचालकांचा नेमणुकीचा अधिकार काढून घेतला आणि स्पर्धा परीक्षेचे तत्त्व आणले. पहिली परीक्षा १८५५ साली झाली. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात वंश वा धर्म न पाहता पात्रतेनुसार नोकरी देण्याचे आश्वासन होते. कागदावर दार उघडे होते. प्रत्यक्षात परीक्षा फक्त लंडनमध्ये होत असे आणि ती तरुण वयातच द्यावी लागे. आरंभी कमाल वय २३ होते; ते १८५९ मध्ये २२ आणि १८६६ मध्ये २१ वर आले. विषयांची रचना इंग्लंडमधील शाळा-कॉलेजांना सोयीची होती. मेकॉले समितीने १८५४ साली सुचवलेल्या एकूण ६,८७५ गुणांपैकी ग्रीक आणि लॅटिन या भाषांना प्रत्येकी ७५० गुण होते, तर संस्कृत आणि अरबी यांना प्रत्येकी ३७५. ज्या देशाचा कारभार करायचा त्या देशाच्या अभिजात भाषेचे मोल रोमच्या भाषेच्या निम्मे!

या परीक्षेत उत्तीर्ण होणारे पहिले भारतीय म्हणजे सत्येंद्रनाथ टागोर. वर्ष १८६३. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली, साताऱ्यासही ते न्यायाधीश होते, आणि तुकारामांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. त्यांच्यानंतर काही वर्षे एकही भारतीय यशस्वी झाला नाही. त्यांचे मित्र मनमोहन घोष यांना दोनदा अपयश आले. अशा पार्श्वभूमीवर ३ मार्च १८६८ रोजी कलकत्त्याहून तीन तरुण इंग्लंडला निघाले : सुरेंद्रनाथ बॅनर्जी, रमेशचंद्र दत्त आणि बिहारीलाल गुप्त.

चोरून केलेला प्रवास

आज मुलगा परदेशी शिकायला निघाला की विमानतळावर सारे कुटुंब निरोप द्यायला जमते. हे तिघे मात्र जवळजवळ पळून गेले. समुद्र ओलांडला की जात जाते, या समजुतीचा धाक फार मोठा होता. सुरेंद्रनाथांचे वडील डॉक्टर होते आणि मुलाच्या बाजूचे होते. पण सर्व तयारी गुप्तपणे करावी लागली. निघण्याच्या आदल्या दिवशी आईला सांगितले तेव्हा ती मूर्च्छित पडली, असे सुरेंद्रनाथांनी पुढे आत्मचरित्रात लिहिले आहे. दत्त आणि गुप्त यांनी तर घरी पत्ताच लागू दिला नाही. दत्तांचे वडील आधीच वारले होते, काका पालक होते. वीस वर्षांच्या आतबाहेरचे हे तरुण, हाती निश्चित असे काही नाही, नापास झाल्यास परत कोणत्या तोंडाने यायचे हा प्रश्न मनात, अशा स्थितीत त्यांनी बोटीवर पाऊल ठेवले.

सुएझचा कालवा तेव्हा खुला झाला नव्हता. तो नोव्हेंबर १८६९ मध्ये झाला. त्यामुळे प्रवासी सुएझला उतरत, आगगाडीने इजिप्त ओलांडून अलेक्झांड्रियास जात आणि तेथे दुसऱ्या बोटीवर चढत. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन बंदरात त्यांना उतरवून घ्यायला उमेशचंद्र बॅनर्जी आले होते. हेच पुढे १८८५ साली मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. परक्या गावी आधी येऊन राहिलेला आपला माणूस नव्याला घ्यायला येतो, राहायची सोय बघतो, कुठे काय मिळते ते सांगतो, ही रीत तेव्हापासूनची आहे. आपल्यापैकी जे दिल्ली, बंगळुरू किंवा त्याहूनही दूर जाऊन राहिले त्यांना हे निराळे सांगायला नको.

लंडनमधील दिनक्रम

लंडनमध्ये हे विद्यार्थी गॉवर स्ट्रीटवरील युनिव्हर्सिटी कॉलेजात जाऊ लागले. १८२६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने प्रवेशासाठी धर्माची अट कधीच घातली नव्हती, म्हणून परधर्मीय विद्यार्थ्यांना ती मोठा आधार होती. इंग्रजी साहित्य हेन्री मॉर्ले शिकवीत आणि संस्कृत थिओडोर गोल्डस्ट्यूकर. कलकत्त्याच्या ब्राह्मण घरातील मुलाने लंडनमध्ये एका जर्मन पंडिताकडून संस्कृत शिकावे, यातील विनोद त्या मुलांच्याही ध्यानात आला असणार. पण संस्कृतचे गुण हवे होते. सुरेंद्रनाथ लॅटिन शिकवणाऱ्या एका शिक्षकाच्या घरी पैसे देऊन राहिले. त्यामुळे इंग्रज कुटुंबातील रीतीभाती आणि परीक्षेला लागणारे लॅटिन, दोन्ही एकाच छपराखाली शिकता आले.

कॉलेजजवळून जमिनीखालची आगगाडी जात असे. १८६३ साली सुरू झालेल्या त्या मार्गावर गॉवर स्ट्रीट नावाचे स्थानक होते, आणि बोगद्यातून वाफेचे इंजिन धूर सोडत धावत असे. वर रस्त्यावरही कोळशाच्या धुराचे धुके. हिवाळ्यात दुपारीच दिवे लावावे लागत. अशा शहरात ही मुले सकाळपासून रात्रीपर्यंत वाचीत बसत. परीक्षेला बसणाऱ्या शेकडो उमेदवारांपैकी बहुतेकांनी ग्रीक-लॅटिन लहानपणापासून गिरवलेले, आणि त्यांच्याशी स्पर्धा करायला हाती जेमतेम एक वर्ष.

तरी दत्तांनी डोळे उघडे ठेवले होते. १८६८ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. १८६७ च्या सुधारणा कायद्याने शहरी कामगारांपैकी पुष्कळांना मताचा अधिकार मिळाला होता, त्यानंतरची ही पहिली निवडणूक. तीत ग्लॅडस्टन यांचा पक्ष विजयी झाला. आपल्यावर राज्य करणारे लोक स्वतःच्या देशात सरकार कसे बदलतात, हे या मुलांना जवळून पाहता आले. दत्तांनी घरी लिहिलेली पत्रे १८७२ मध्ये 'थ्री इयर्स इन युरोप' या नावाने पुस्तकरूपाने निघाली. राज्यकर्त्यांचा देश भारतीय विद्यार्थ्याच्या नजरेने पाहणारे हे आरंभीच्या पुस्तकांपैकी एक.

निकाल आणि आघात

१८६९ च्या परीक्षेचा निकाल लागला तेव्हा एकदम चार भारतीय यशस्वी ठरले : दत्त, गुप्त, बॅनर्जी आणि ठाकुर. दत्तांचा तर एकूण यादीत तिसरा क्रमांक होता. चौदा वर्षांत एक, आणि आता एका वर्षात चार!

आनंद फार टिकला नाही. सिव्हिल सर्व्हिस कमिशनने सुरेंद्रनाथ आणि ठाकुर यांच्या वयाविषयी स्पष्टीकरण मागितले. सुरेंद्रनाथांचे उदाहरण पाहू, म्हणजे घोळ स्पष्ट होईल. त्यांचा जन्म १० नोव्हेंबर १८४८ चा. डिसेंबर १८६३ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला बसताना त्यांनी वय १६ असे लिहिले होते. त्या वेळी त्यांना १५ पूर्ण होऊन सोळावे लागलेले होते. भारतीय रीतीने १६ हे उत्तर बरोबर होते. कमिशनने मात्र तो आकडा इंग्रजी रीतीने वाचला. डिसेंबर १८६३ मध्ये १६ पूर्ण, तर डिसेंबर १८६८ मध्ये २१ पूर्ण. म्हणून १८६९ च्या परीक्षेच्या वेळी उमेदवार वयाच्या मर्यादेबाहेर. प्रत्यक्षात तेव्हा सुरेंद्रनाथ वीस वर्षांचे होते.

दोघांनी आपले म्हणणे कळवले. भारतात चालू वर्ष मोजण्याची पद्धत आहे हे सांगितले. कमिशनने ते मान्य केले नाही आणि दोघांची नावे यादीतून काढून टाकली.

येथे थोडे थांबून त्या मुलांची स्थिती डोळ्यांपुढे आणावी. जात पणाला लावून आलो, आईला त्या अवस्थेत सोडून आलो, परीक्षा जिंकलो, आणि आता वयाबाबत खोटे बोलल्याचा संशय माथी. नोकरी जाण्याइतकीच ही बदनामी बोचणारी होती. खरे वय सिद्ध करायचे तर कागद सारे हिंदुस्थानात. पत्र जाऊन उत्तर यायला दोन महिने लागत. मुंबईपर्यंतची समुद्राखालची तारसुद्धा १८७० मध्ये जोडली गेली.

सुरेंद्रनाथ क्वीन्स बेंच न्यायालयात गेले आणि कमिशनविरुद्ध मॅन्डॅमसचा, म्हणजे आपले कर्तव्य बजावण्याविषयीचा, आदेश मागितला. न्यायालयाने अर्ज दाखल करून घेऊन कमिशनला कारण दाखवण्यास सांगितले. अखेर कमिशनने माघार घेतली आणि त्यांना पुन्हा उमेदवार म्हणून स्वीकारले. याचा लाभ ठाकुरांनाही झाला. एका परतंत्र देशातील वीस-एकवीस वर्षांचा विद्यार्थी साम्राज्याच्या राजधानीत साम्राज्याच्याच एका खात्याला न्यायालयात खेचतो आणि जिंकतो, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. पण किंमतही मोजावी लागली. हा झगडा चालू असतानाच, १८७० च्या आरंभी, कलकत्त्यात वडील वारले. मुलाच्या पाठीशी उभे राहिलेल्या त्या माणसाला त्याचा विजय पाहायला मिळाला नाही.

निवड झालेल्यांना त्यानंतर दोन वर्षे इंग्लंडमध्येच राहून कायदा, भारतीय भाषा, अर्थशास्त्र इत्यादींच्या परीक्षा द्याव्या लागत. सुरेंद्रनाथांचा बराच काळ वादात गेला होता. तरी त्यांनी अभ्यास भरून काढला आणि १८७१ मध्ये तिघे मित्र बरोबरच मायदेशी परतले.

पुन्हा एक रकाना

सुरेंद्रनाथांची नेमणूक सिल्हेट येथे सहायक दंडाधिकारी म्हणून झाली. तेथे नियतीने पुन्हा एका नोंदीचाच खेळ मांडला. चोरीच्या एका खटल्यातील आरोपी फरारी नसताना त्याचे नाव फरारींच्या यादीत गेले. कारकुनाने पुढे केलेल्या ढीगभर कागदांबरोबर त्या कागदावरही सुरेंद्रनाथांची सही झाली होती. नवख्या अधिकाऱ्याला समज देऊन मिटवता आले असते असे हे प्रकरण चौकशी आयोगापर्यंत गेले आणि १८७४ मध्ये त्यांना बडतर्फ करण्यात आले. दरमहा ५० रुपयांचा अनुकंपा भत्ता तेवढा मिळाला. दाद मागायला ते पुन्हा लंडनला गेले, ती मिळाली नाही. बॅरिस्टर होण्याचा मार्गही बडतर्फीचे कारण देऊन बंद करण्यात आला. परत आल्यावर ईश्वरचंद्र विद्यासागरांनी त्यांना आपल्या कॉलेजात इंग्रजीचे अध्यापक नेमले. १८७६ मध्ये त्यांनी इंडियन असोसिएशनच्या स्थापनेत पुढाकार घेतला.

आणि पुढचा योगायोग पाहा. त्याच वर्षी सरकारने परीक्षेची वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणण्याचे ठरवले. १८७८ पासून ती लागू झाली. भारतीय मुलाला एकोणीस वर्षांच्या आत लंडनला जाऊन ही परीक्षा देणे जवळजवळ अशक्य होते. ज्याचे आयुष्य वयाच्या एका आकड्याने ढवळून निघाले होते, तोच माणूस या आकड्याविरुद्ध देशभर फिरला. १८७७-७८ मध्ये उत्तर हिंदुस्थानानंतर मुंबई, पुणे आणि मद्रासपर्यंत त्याने सभा घेतल्या. भारतातील निरनिराळ्या प्रांतांतील शिक्षितांना एका मागणीखाली आणणारी ही पहिल्या काही चळवळींपैकी एक होय. १८९२ मध्ये कमाल वय २३ झाले. परीक्षा भारतातही घ्यावी ही मागणी मान्य होऊन अलाहाबादेस पहिली परीक्षा व्हायला मात्र १९२२ साल उजाडले.

इतरांचे काय झाले? बिहारीलाल गुप्त कलकत्त्यास प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट असताना त्यांनी १८८२ मध्ये एक टिपण सरकारला दिले : कलकत्त्यात मला युरोपियन आरोपीचा खटला चालवता येतो, पण बढती मिळून जिल्ह्यात गेलो की तोच अधिकार जातो, हे कसे? त्या टिपणातून १८८३ चे इल्बर्ट विधेयक निघाले. दत्त विभागीय आयुक्त या पदापर्यंत पोहोचलेले पहिले भारतीय ठरले. निवृत्तीनंतर त्यांनी भारताचा आर्थिक इतिहास लिहिला, आणि १९०९ मध्ये बडोद्यास सयाजीरावांचे दिवाण असताना त्यांचे निधन झाले. सुरेंद्रनाथ १८९५ च्या पुणे काँग्रेसचे अध्यक्ष होते. श्रीपाद बाबाजी ठाकुर मुंबई इलाख्यात नोकरी करीत राहिले. न्यायालयात गेले नाहीत, सभा गाजवल्या नाहीत, म्हणून स्मरणातून गेले. पण ज्या दिवशी यादीतून नाव गेले त्या दिवशी त्यांच्या खोलीतील अंधार सुरेंद्रनाथांच्या खोलीतल्या अंधारापेक्षा कमी नव्हता.

प्रशासनाने यातून काय घ्यावे

पहिला मुद्दा हा की, रकाना भरून घेण्याआधी प्रश्न नीट विचारला पाहिजे. 'वय' असा नुसता रकाना ठेवला तर उत्तर देणारा आपल्या रीतीने देणार आणि वाचणारा आपल्या रीतीने वाचणार. 'पूर्ण झालेली वर्षे' एवढे दोन-तीन शब्द छापले असते तर वाद उद्भवला नसता. आज आपण जन्मतारीख विचारतो, हा त्याच अनुभवाचा परिणाम म्हटला तरी चालेल.

पण तारीख विचारली म्हणजे सत्य मिळाले असेही नाही. महाराष्ट्रात एका पिढीतील असंख्य माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो. जूनमध्ये शाळा सुरू होत, मुलाला नेणाऱ्या वडिलांना नेमकी तारीख ठाऊक नसे, आणि गुरुजी हिशेबाला सोयीची तारीख घालून टाकत. तीच तारीख पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, तेथून सेवापुस्तकात आणि निवृत्तीच्या आदेशात जाते. केंद्र सरकारच्या नियमानुसार सेवेतील जन्मतारखेची दुरुस्ती नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत मागावी लागते. निवृत्ती जवळ आल्यावर केलेला दावा ऐकू नये असे सर्वोच्च न्यायालयानेही १९९३ मध्ये हरनाम सिंह प्रकरणात सांगितले आहे. नियम योग्यच आहे, नाहीतर कारभार चालणार नाही. मात्र तो योग्य ठरण्यासाठी मूळ नोंद काळजीने झालेली असली पाहिजे. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा, म्हणजे त्या लंडनच्या निकालानंतर बरोबर शंभर वर्षांनी आलेला. २०२३ च्या दुरुस्तीने, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्माचा दाखला हाच शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा झाला आहे. त्यामुळे ग्रामपंचायतीत नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याची जबाबदारी पूर्वीपेक्षा किती तरी वाढली आहे.

दुसरा मुद्दा संशयाचा. कमिशनने स्पष्टीकरण मागितले, ही रीत योग्यच झाली. पण उत्तर समजून घेण्यासाठी समोरच्या समाजाची गणना कशी चालते याची चौकशी त्याने केली नाही. ती केली असती तर कलकत्त्यातील कोणीही सांगू शकला असता. नोंद आणि माणूस यांच्यात विसंगती दिसली की आपली यंत्रणा माणसाला खोटा धरते. नोंद चुकली असेल, किंवा वाचणारा चुकला असेल, हा विचार मागाहून येतो, बहुधा न्यायालयाने सांगितल्यावर.

मराठी माणसाला घराबाहेर याचा प्रत्यय नावाच्या बाबतीत येतो. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ही आपली रीत. दुसऱ्या प्रांतातील वा देशातील अर्जात वडिलांचे नाव 'मधले नाव' होते, कधी पहिल्या नावाला चिकटते, कधी गळून पडते. लग्नानंतर मुलीचे तर दोन भाग बदलतात. मग पदवीवर एक, पासपोर्टवर दुसरे आणि बँकेत तिसरे. परदेशी निघालेल्या विद्यार्थ्याने बॅगेत लोणच्याची बरणी ठेवण्यापूर्वी हे तिन्ही कागद एकमेकांशी ताडून पाहावेत, एवढे मी आवर्जून सांगेन.

आणि जे टेबलाच्या अलीकडे बसलेले आहेत त्यांनी एवढे करावे : समोरच्या कागदावरचा आकडा खोडण्यापूर्वी, तो भरताना त्या माणसाने मनात कोणते वाक्य म्हटले असेल, हे त्यालाच एकदा विचारावे. त्याला पाच मिनिटे लागतात. सुरेंद्रनाथ आणि ठाकुर यांना ती कोणी दिली नाहीत.